आपला मारिओ सावकाश धावायचा

स्नेहमेळाव्याच्या कामांची वाटणी झाली तेव्हा मंडप, जेवण, सरांना आणि बाईंना घरून आणायच्या गाड्या ही मोठी कामं बाकीच्यांनी उचलली. माझ्या वाट्याला एकच ओळ आली : "तो आपला जुना व्हिडिओ गेम अजून मिळतो का, आणि घेण्यात काही अर्थ आहे का, ते बघ. तू कॉम्प्युटरवाली ना!" कॉम्प्युटरवाल्या माणसाला लोक प्रिंटर दुरुस्त करायलाही बोलावतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण काम हातात घेतल्यावर मात्र त्यात चार महिने कसे गेले ते कळलं नाही.

'आपला' म्हणजे कुठला, हे १९९६ साली दहावी झालेल्यांना सांगायला नको. प्लॅस्टिकचा हलका डबा, वर कॅसेट खोचायची खाच, वायरी लावलेले दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९ इन १' असं छापलेली पिवळी कॅसेट. सर आणि बाईंसाठी एवढंच सांगते की मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्यातली निम्मी मुलं दुपारी कुठे असायची याचं उत्तर तो डबा होता. तासाला पाच रुपये घेऊन खेळायला देणारी दुकानं होती. तिथे मुलींनी जायचं नाही हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण पाठ सगळ्यांना होता. म्हणून माझा सगळा अनुभव घरचा. आमच्या मामाने मुंबईहून भावासाठी ते यंत्र आणलं. 'भावासाठी' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. पहिला रिमोट त्याचा. दुसऱ्या रिमोटवर सुरू करायचं बटणच नसायचं, हे आठवत असेल. मारिओमध्ये दोघांनी खेळायचं म्हटलं तर पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही, आणि माझा भाऊ सहजासहजी मरत नसे. तेव्हा मी खेळले थोडं आणि पाहिलं फार.

आता इतिहास. आपण ज्याची नक्कल खेळत होतो ते मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलं. नाव फॅमिली कॉम्प्युटर. तिकडची मुलं त्याला फॅमिकॉम म्हणत. बनवणारी कंपनी निन्टेन्डो, क्योटोची, १८८९ पासून हनाफुदा नावाचे खेळायचे पत्ते छापणारी. त्या वेळी कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची होते आणि यंत्राची आखणी मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली झाली. किंमत ठेवली १४,८०० येन. या किमतीत बसवण्यासाठी उएमुरांच्या मंडळींनी जो काटकसरीचा संसार केला, तो पाहून आजही माझ्यासारख्या माणसाला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते.

काम चालवायला स्मृती म्हणजे रॅम फक्त २ किलोबाइट. चित्रासाठी आणखी २ किलोबाइट. मेंदू म्हणून जी चिप होती ती रिको कंपनीने बनवलेली. तिचा गाभा ६५०२ या अमेरिकन प्रोसेसरचा, फक्त त्यातली दशमान पद्धतीने बेरीज करायची सोय बंद केलेली. वेग सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके म्हणजे ६१,४४० ठिपके होतात. २ किलोबाइटमध्ये एवढे ठिपके साठवताच येत नाहीत. मग चित्र दिसायचं कसं?

दारात आपण रांगोळीचे छाप वापरतो तसं. आठ बाय आठ ठिपक्यांचे छाप कॅसेटमध्ये तयार असत. यंत्र फक्त लक्षात ठेवी की कुठल्या चौकटीत कुठला छाप उमटवायचा; अशा चौकटी ३२ गुणिले ३०, म्हणजे ९६०. मारिओतला ढग आणि मारिओतलं झुडूप एकच छाप आहे, फक्त रंग वेगळा. आता पुन्हा खेळाल तेव्हा बघा, मग कधीच न दिसल्यासारखं करता येणार नाही. १३ सप्टेंबर १९८५ ला आलेला सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम, त्याची गाणी, बत्तीस टप्पे आणि राजकन्येसकट, ४० किलोबाइटमध्ये बसतो. सकाळी फोनवर येणारं 'शुभ सकाळ'चं फूल याहून जड असतं.

हलणाऱ्या आकृत्यांचा हिशोब वेगळा होता. एका वेळी ६४ तुकडे, आणि एका आडव्या रेघेवर जास्तीत जास्त ८. नववा आला की तो दिसतच नाही. म्हणून गेम लिहिणारे प्रत्येक चित्रागणिक क्रम बदलत, म्हणजे कधी हा गळे, कधी तो. आपण म्हणायचो, "गर्दी झाली की गेम लुकलुकतो." शास्त्राच्या बाईंनी पुठ्ठ्याच्या चकतीवर एका बाजूला पोपट आणि दुसऱ्या बाजूला पिंजरा काढून, दोऱ्याने गरगर फिरवून दृष्टिसातत्य शिकवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी भावाला सांगितलं की कॉन्ट्रातल्या गोळ्या का लुकलुकतात ते मला कळलं. अर्धवटच कळलं होतं. आठ तुकड्यांची मर्यादा मला इंजिनिअरिंगला गेल्यावर समजली. पण त्यावर मिळालेला पहिला रिमोट अर्ध्या तासासाठी माझा होता.

कॉन्ट्राचा विषय निघालाच आहे तर : वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. सनावळ्या गेल्या, व्यापारी वाऱ्यांच्या दिशा गेल्या, हे राहिलं. ही खूण काझुहिसा हाशिमोतो यांची. कोनामी कंपनीत ग्रेडिअस नावाचा गेम फॅमिकॉमवर आणताना, १९८६ साली, तपासणीसाठी खेळणं त्यांनाच जड जाऊ लागलं म्हणून त्यांनी स्वतःसाठी पळवाट ठेवली आणि ती आत तशीच राहिली. २०२० मध्ये ते गेले. आपल्याला तीस लाइफ देणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला कधी माहीत नव्हतं.

फॅमिकॉम अमेरिकेत गेला १९८५ मध्ये, नाव आणि अंगरखा बदलून. तिथे दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ गेमचा बाजार साफ कोसळलेला होता, त्यामुळे निन्टेन्डोने यंत्रात एक पहारेकरी चिप बसवली. कॅसेटमध्ये तिचा जोडीदार नसेल तर यंत्र चालूच होत नसे. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असा पहारा नव्हता. काटकसरीत बसवलेलं सोपं यंत्र आणि उघडं दार, या दोन गोष्टींमुळे तैवानमध्ये त्याच्या नकला निघू लागल्या. यूएमसी ही तिथली चिप बनवणारी कंपनी. तिने फॅमिकॉमच्या दोन्ही मुख्य चिपांच्या प्रतिकृती केल्या. त्या जगभर गेल्या. रशियात १९९२ पासून हेच यंत्र डेंडी म्हणून विकलं गेलं, पोलंडमध्ये पेगासस म्हणून. आपल्याकडे खोक्यावर लिटल मास्टर असायचं, मीडिया असायचं, किंवा वाचता न येणारं काहीतरी असायचं. कॅसेटमधले ९९९९ गेमही असेच. माझ्या कॅसेटमध्ये नीट मोजल्यावर सात निघाले. बाकीचे त्याच गेमच्या वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू होणारे. उएमुरा किंवा मारिओ रचणारे शिगेरू मियामोतो यांच्या कष्टाचा एक पैसाही आपल्या पाच रुपयांतून क्योटोला पोहोचला नाही. याला गोड शब्द शोधता येतील, पण ती चोरीच होती आणि आपलं बालपण तिच्यावर पोसलं.

माझा शोध सुरू झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता पैसे आहेत तर एकदाच अस्सल घेऊ. फॅमिकॉमचं उत्पादन २००३ पर्यंत चालू होतं आणि अमेरिकन भावंडासकट सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रं विकली गेली, तेव्हा जुना माल दुर्मीळ नाही. जपानमध्ये प्रकल्पावर गेलेल्या एका सहकाऱ्याने मला एक आणून दिलं. पांढरं आणि डाळिंबी, सुंदर. ते इथे लावायला गेले आणि अडचणींची माळ सुरू झाली. जपानमधली वीज १०० व्होल्टची, म्हणजे त्याचा अडॉप्टर आपल्या प्लगमध्ये घातला तर धूर. दुसरा अडॉप्टर मिळवला. मग त्याचा सिग्नल टीव्हीच्या ॲन्टेनातून जातो, तोही जपानी चॅनेलवर, जे आपल्या टीव्हीला लागत नाही. एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून आतून वायर काढून घेतली तेव्हा कुठे चित्र आलं.

मारिओ सुरू केला आणि मी पहिल्याच खड्ड्यात पडले. दुसऱ्यांदा पडले. गाणंसुद्धा कुणीतरी मागे लागल्यासारखं वाजत होतं. मला वाटलं वय झालं. वयाचा भाग असेलही, पण खरं कारण घड्याळ लावल्यावर सापडलं.

जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपल्याकडचा टीव्ही, युरोपासारखा, ५० वेळा. या यंत्रात गेमचं सगळं आयुष्य पडद्याच्या तालावर चालतं : एक चित्र झालं की मारिओ एक पाऊल पुढे. म्हणजे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रात तो जपानच्या मानाने सहातले पाचच भाग वेगाने धावणार. पहिल्या टप्प्यात वर कोपऱ्यात ४०० पासून उलटे आकडे सुरू होतात ना, ते सेकंद नव्हेतच. दर २४ चित्रांना एक आकडा कमी होतो. जपानी मुलाला ते ४०० आकडे १६० सेकंद पुरायचे. आपल्याला १९२.

घरी माळ्यावर जुनं यंत्र नव्हतं. आईने ते कधीच भंगारात दिलं होतं, त्याच फेरीत टीव्हीही. म्हणून एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि आठशे रुपयांना एक घेतलं. घरी येऊन आधी उघडलं. आत हिरव्या पट्टीवर दोन लांबट काळ्या चिपा, वर यूएमसीचे आकडे स्पष्ट : ६५२७ आणि ६५३८. मी त्यांची माहिती वाचत गेले आणि मला या कथेतला सर्वांत आवडलेला भाग सापडला.

निन्टेन्डोने युरोपसाठी ५० वाली आवृत्ती काढली तेव्हा मेंदूचा वेगही बराच कमी केला आणि चित्राशी त्याचा मेळही बदलला. त्यामुळे जपानसाठी लिहिलेले, ठोके मोजून चालणारे काही गेम त्यावर बिनसत. तैवानच्या नक्कलकारांना तर जपानी कॅसेटाच चालवायच्या होत्या. त्यांनी मेंदूचा वेग जवळजवळ मूळ जपानी ठेवला, आणि दर चित्राच्या शेवटी जो जास्तीचा वेळ उरतो तो अशा जागी ढकलला की गेमला पत्ताच लागू नये. म्हणजे ठोक्यांचं गणित जपानी, पडदा आपला. आवाजाच्या पट्टीतही त्यामुळे फारसा फरक पडला नाही, फक्त लय सावकाश झाली. चोरी करणाऱ्याने मालकापेक्षा नीट शिवण घातली असं हे उदाहरण आहे. आज एम्युलेटरमध्ये जपानी, युरोपी असे पर्याय असतात, तसा 'डेंडी' हा तिसरा पर्यायही असतो. तो आपला.

तर आपल्या कानात जे मारिओचं गाणं आहे ते क्योटोत कुणी तसं ऐकलेलं नाही. अस्सल यंत्र विकत घेऊन आपल्याला दुसऱ्या कुणाचं तरी बालपण मिळतं. ते छान आहे, पण मला अनोळखी.

जुन्या बाजारातलं यंत्र मी आमच्या मोठ्या सपाट टीव्हीला जोडलं. वेग बरोबर, गाणं बरोबर, तरी काहीतरी खटकत होतं. उडी मारली की मारिओ किंचित विचार करून उडायचा. हे दुखणं टीव्हीचं. जुन्या डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,६२५ रेघा ओढत असे आणि ते यंत्र, साठवायला जागाच नसल्यामुळे, झोत पुढे सरकेल तसा पुढचा ठिपका त्याच क्षणी ठरवून देत असे. मध्ये कुणी नाही. आजचा टीव्ही आधी अख्खं चित्र गोळा करतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो. एकेक चित्र २० मिलिसेकंदांचं. अशी दोन-तीन मागे पडली की खड्डा चुकवणाऱ्या अंगठ्याला ते कळतं, डोक्याला कळत नाही. शिवाय काही नवे टीव्ही हा जुना सिग्नल चुकीचा वाचतात आणि लुकलुकणारी आकृती गायबच करतात.

बंदूक तर चालतच नाही. बदकांच्या गेममध्ये आपण घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. गोळी बंदुकीतून सुटत नाही, पडद्याकडून येते. मूळ बंदुकीतला डोळा त्या डबा टीव्हीच्या भराभर ओढल्या जाणाऱ्या रेघांचा उजेडच ओळखतो. सपाट पडद्याचा संथ उजेड त्याला उजेड वाटत नाही, आणि चित्र उशिरा येतं ते वेगळंच. बदकं मजेत उडत राहतात.

तेव्हा घ्यावं का, याचं माझं उत्तर असं. घरी डबा टीव्ही असेल, किंवा आणून ठेवायची तयारी असेल (वजन पाहा, आणि घरच्यांना विचारा), तर जुन्या बाजारातली नव्वदच्या दशकातली नक्कल घ्यावी, डोळे मिटून. उघडून दाखवायला सांगा. आत वेगवेगळ्या चिपा दिसल्या तर उत्तम. फक्त एक काळा डांबरासारखा थेंब दिसला तर ती नंतरची, सगळं एकात कोंबलेली. तीही चालते, पण अशा कित्येक नकलांमध्ये आवाजाच्या लहरींची अदलाबदल झालेली असते आणि गाणं नाकात बोलतं. ऑनलाइन मिळणारी नवी, शेकडो गेमवाली स्वस्त खेळणी मला आवडली नाहीत. बटणं आठवडाभरात रुसतात. निन्टेन्डोने स्वतः २०१६ मध्ये ३० गेमचं छोटं यंत्र काढलं होतं. ते देखणं आहे, सपाट टीव्हीला सरळ लागतं, आणि ते नवं विकलं जाई तेव्हा पैसे योग्य माणसाकडे जात. वायर मात्र इतकी आखूड की टीव्हीच्या पायाशी बसावं लागतं. तसं आपण तेव्हाही बसायचो, "डोळे जातील" हे ऐकत. डबा टीव्ही नसेल आणि सहज एकदा गाणं ऐकायचं असेल, तर लॅपटॉपवर एम्युलेटर आणि 'डेंडी' पर्याय, एवढं पुरे.

मेळाव्यासाठी मी पहिला मार्ग धरला. टीव्ही चौदा इंची, पोवई नाक्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने पैसे न घेता दिला. त्याला दुकानातली जागा मोकळी करायची होती. दोन्ही नववी 'ब'च्या खोलीत, खिडकीशेजारच्या बाकांवर असतील. अडॉप्टर तापतो, म्हणून तासाभराने दहा मिनिटं बंद. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची नाही. हे सगळ्यांना जड जाईल, पण फुंकरीने कधीच काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या आणि श्रेय तोंडाला मिळायचं. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना उलट गंजतात. कापूस आणि स्पिरिटची बाटली टीव्हीमागे ठेवली आहे.

भाऊ आपल्याच शाळेचा, दोन वर्षं पुढच्या तुकडीचा, म्हणून त्यालाही बोलावलं आहे. दुसरा रिमोट त्याच्यासाठी ठेवला आहे.